खुब्याच्या टेंडनचं ऑपरेशन आणि रात्रीची झोप : वाचकांचे प्रश्न

खुब्याला बाहेरच्या बाजूनं होणारं दुखणं आणि तिथलं फाटलेलं टेंडन पुन्हा हाडाला शिवण्याचं ऑपरेशन, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत जिन्याबद्दल, चालण्याबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. जवळजवळ प्रत्येकानं रात्रीबद्दल विचारलंय. म्हणून हे सगळं सदर झोपेला दिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे सर्जन तुम्हाला तपासून सांगतील. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे महिने मात्र मी रुग्णांसोबत काढत आले आहे, आणि या दुखण्यात झोपेचा प्रश्न शेवटी विचारायचा नसतो, सगळ्यात आधी विचारायचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दोन वर्षांपासून उजव्या खुब्याला बाहेरून ठणका लागतो. दिवसा घरातलं सगळं होतं, नातवाला कडेवर घेऊन अंगणात फिरते. पण रात्री उजव्या कुशीवर दोन मिनिटंसुद्धा झोपता येत नाही. डाव्या कुशीवर वळलं तरी थोड्या वेळानं उजवाच खुबा दुखायला लागतो. हे सांगितलं की घरचे म्हणतात, जी बाजू वर आहे ती कशी दुखेल? आधी सायटिका समजून कमरेचा एमआरआय झाला. मग खुब्यात दोन इंजेक्शनं झाली, त्यानं महिना-दीड महिना बरं वाटलं. आता खुब्याच्या एमआरआयमध्ये टेंडन फाटल्याचं निघालंय आणि ऑपरेशन सुचवलंय. पाय चालतोय, मग नुसत्या झोपेसाठी ऑपरेशन करायचं का? आणि केल्यावर तरी झोप लागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, वरची बाजू दुखते हे अगदी खरं आहे. हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा.

खुब्याला बाहेरून हात लावला की हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याला ग्लुटिअस मिडिअस आणि ग्लुटिअस मिनिमस या दोन स्नायूंची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, चिकटलेली असतात. आपण एका पायावर उभे राहिलो की कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणं हे त्यांचं काम. या टेंडनच्या वरून आणखी एक लांब, जाड पट्टा मांडीच्या बाहेरच्या अंगानं गुडघ्याखालपर्यंत जातो. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता तेव्हा टेंडन गादी आणि हाड यांच्यामध्ये सरळ चेंगरतं. डाव्या कुशीवर झोपता तेव्हा वरचा उजवा पाय पुढे घरंगळतो, गुडघा गादीला टेकतो, तो लांब पट्टा ताणला जातो आणि टेंडनला वरून हाडावर दाबून धरतो. म्हणजे दोन्ही कुशींवर उजवंच टेंडन दाबलं जातं, एकदा खालून आणि एकदा वरून. नातवाला कडेवर घेताना आपण एका पायावर भार देऊन कंबर बाजूला काढतो, त्या वेळीही हेच होतं. नातवाला मांडीवर घ्या, कडेवर घेणं आजपासून बंद करा.

हे दुखणं चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त आढळतं. कमरेचं किंवा सायटिकाचं समजून त्यात वर्षं जातात, हेही नेहमीचं. तुमच्या बाबतीत निदान झालंय ही चांगली गोष्ट.

आता ‘नुसती झोप’. दोन वर्षं रोज रात्री चार-पाच वेळा उठणारा माणूस दिवसा कसाबसा चालत असतो. अपुऱ्या झोपेनं दुखणं जास्त जाणवतं आणि दुखण्यानं झोप मोडते. हे चक्र एकदा सुरू झालं की कुठून सुरू झालं हे रुग्णालाही सांगता येत नाही. तपासणीच्या खोलीत मात्र डॉक्टर विचारतात, चालता येतं का, जिना चढता येतो का. बाई ‘हो’ म्हणतात आणि रात्रीचं बोलायचं राहून जातं. तुम्ही पुढच्या भेटीत पहिलं वाक्य झोपेबद्दलच बोला.

झोप मोजताही येते. पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेली आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरात किती वाजता आडवे झालात, झोप लागायला किती वेळ गेला, प्रत्यक्ष किती तास झोपलात, दुखण्यानं किती वेळा जाग आली, झोपेची गोळी लागली का, दिवसा पेंग येते का, असे प्रश्न असतात. एकूण गुण ० ते २१. गुण जितके जास्त तितकी झोप वाईट, आणि ५ च्या वर गेले तर झोप चांगली नाही असं धरतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची ही प्रश्नावली मी ऑपरेशनच्या आधी भरून घेते, पुन्हा तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. आधीचा आकडाच नसेल तर नंतर सुधारणा किती झाली हे कशाशी ताडून बघणार?

निर्णयाआधी सर्जनना तीन गोष्टी विचारा. टेंडन अर्धवट फाटलंय की पूर्ण सुटलंय? स्नायूच्या जागी चरबी किती झाली आहे? आणि उजव्या पायावर उभं राहिल्यावर कंबर डावीकडे कलते का, म्हणजे चालताना लंगड आहे का? स्नायू चांगला असेल तर शिवलेल्या टेंडनला पुढे काम करता येतं. स्नायूत चरबीच जास्त झाली असेल तर साध्या शिवण्यानं मिळणारा फायदा मर्यादित राहतो.

चौथा प्रश्न स्वतःला विचारा. व्यायाम नीट, नेमानं, निदान तीन महिने झालेत का? २०१८ साली ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लुटिअल टेंडनच्या दुखण्याचे २०४ रुग्ण होते. एका गटाला व्यायाम आणि उठण्या-बसण्या-झोपण्याच्या सवयींचं शिक्षण, एका गटाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, एका गटाला फक्त थांबून बघणं. आठ आठवड्यांनी व्यायामाच्या गटातल्या सुमारे ७७ टक्के लोकांनी बरं वाटतंय असं सांगितलं. इंजेक्शनच्या गटात ते प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होतं आणि थांबून बघणाऱ्यांत २९. तो अभ्यास ऑपरेशनच्या रुग्णांचा नव्हता आणि टेंडन पूर्ण सुटलेलं असेल तर ही आकडेवारी जशीच्या तशी लागू करता येणार नाही. पण तुमच्या पत्रात इंजेक्शनं आहेत, व्यायामाचा एक शब्द नाही, म्हणून लिहिलं. सर्जन म्हणाले की टेंडन पूर्ण सुटलंय आणि आता थांबण्यात अर्थ नाही, तर त्यांचं ऐका.

ऑपरेशनमध्ये हाडात बारीक अँकर, म्हणजे धागे अडकवायच्या खुंट्या, बसवून त्यांच्या धाग्यांनी टेंडन पुन्हा जागेवर बांधतात. दुर्बिणीतून करतात किंवा चिरा घेऊन. खुबा बदलण्याचं ऑपरेशन वेगळं, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी चालल्या’ हे रोज ऐकावं लागेल. टेंडन हाडाला धरायला वेळ घेतं. साधारण पहिले ६ आठवडे वॉकर किंवा कुबड्या, पायावर मोजका भार, आणि पाय स्वतःच्या ताकदीनं बाजूला उचलायचा नाही. त्यानंतर हळूहळू व्यायाम. ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष.

आणि झोप? हे स्पष्ट सांगते, कारण हे आधी न सांगितल्यामुळे रुग्ण खचतात. पहिले काही आठवडे झोप आजच्यापेक्षाही वाईट असेल. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही रात्री शरीराला गाढ झोप आणि स्वप्नांची झोप कमी मिळते, कोणतंही मोठं ऑपरेशन असो. त्यात पाठीवरच झोपायचं, पायाला ब्रेस (पाय आत जाऊ नये म्हणून पट्ट्यांनी बांधायचा आधार), मध्येच लघवीला उठायचं तर वॉकर. या रात्रींवरून ऑपरेशन फसलं असं ठरवू नका. माझ्या पाहण्यात झोप खऱ्या अर्थानं सुधारायला लागते ती कुशीवर वळायची परवानगी मिळाल्यावर, आणि तीन ते सहा महिन्यांच्या टप्प्यावर बहुतेकजणी सांगतात की जुना रात्रीचा ठणका गेला. सगळ्यांच्या बाबतीत असं होतंच असं नाही. टेंडन पुन्हा सुटू शकतं, काहींचं थोडं दुखणं राहतं. खात्रीचं आश्वासन मी देणार नाही आणि तुमच्या सर्जननीही देऊ नये.

माझ्या एक रुग्ण एसटीत वाहक होत्या. ऑपरेशनच्या आधी वर्षभर त्या खुर्चीत बसून झोपायच्या, पाय समोर स्टुलावर. त्यांना मी उशाशी वही ठेवायला सांगितली होती. जाग आली की वेळ लिहायची नाही, फक्त कारण लिहायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्याची पानं बघितली तर ‘दुखलं’ हा शब्द होता, पण त्याहून जास्त वेळा होतं ‘लघवी’, ‘पट्टा काचला’, ‘वळले तर काय होईल म्हणून भीती’, ‘टाच जळजळली’. ती पानं बघून आम्ही काम केलं. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी केलं, ब्रेसच्या आत सुती कापडाचा थर दिला, पोटरीखाली घडी घालून टाच गादीवरून अधांतरी ठेवली. वेदनाशामक गोळी एकही वाढवावी लागली नाही. तुम्हीही वही ठेवा.

वेदनाशामकांचं वेळापत्रक मात्र पाळा. दुखायला लागल्यावर घेऊ असं ठरवलं तर गोळी लागू पडेपर्यंत झोप गेलेली असते. पहिले काही दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला, दुखत नसलं तरी घ्या, आणि रात्रीचा डोस झोपायच्या वेळेशी कसा जुळवायचा ते त्यांनाच विचारा. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामकानं मळमळ, बद्धकोष्ठता आणि तुटक झोप येऊ शकते, म्हणून ते गरजेपुरतंच. झोपण्याआधी १५-२० मिनिटं बर्फाचा शेक, कापडात गुंडाळून, जखम कोरडी ठेवून.

आता उशीबद्दल. हे लहान वाटेल, पण रात्र यावरच ठरते. पाठीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी, पाय किंचित फाकलेले, गुडघे आणि पावलं छताकडे. पाय एकमेकांवर चढवायचे नाहीत, झोपेतही. सर्जननी परवानगी दिल्यावर डाव्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या कुशीवर वळता येतं. पण त्या वेळी आपली नेहमीची कापसाची उशी पायांत घेऊ नका. ती तासाभरात चपटी होते, गुडघा खाली जातो आणि शिवलेलं टेंडन रात्रभर ताणलेलं राहतं. जुन्या गोधडीची घट्ट गुंडाळी करा, किंवा बैठकीतला लोड घ्या. वरचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सबंध त्यावर टेकला पाहिजे, आणि गुडघा खुब्याच्या उंचीलाच राहिला पाहिजे. नुसत्या गुडघ्यांत उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी आत वळते, तेही नको. वळताना लोड पायांत धरून खांदे, कंबर आणि पाय एकदम वळवायचे, पाठीमागे दुसऱ्या माणसानं हात द्यायचा. पाठीशी एक उशी टेकवून ठेवली की झोपेत मागे कलंडत नाही. हे सगळं ऑपरेशनच्या आधी घरी करून बघा. दुखत्या पायानं सराव केलेला असला की नंतर अर्धवट झोपेतही जमतं. आणि ऑपरेशन नाहीच केलंत तरी हीच लोडाची पद्धत आज रात्रीपासून वापरा, डाव्या कुशीवर फरक वाटू शकेल.

प्रश्न : माझ्या आईचं, वय ६८, पुढच्या महिन्यात हे ऑपरेशन ठरलंय. ती बरीच वर्षं रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेते. मोठ्यानं घोरते, मध्येच घोरणं थांबतं आणि मग दचकल्यासारखा श्वास घेते. बीपी आहे. गोळीचं डॉक्टरांना सांगायची तिला लाज वाटते. ऑपरेशनच्या आधी गोळी आम्हीच बंद करून टाकावी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, तुम्ही स्वतः बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, घाबरल्यासारखं होतं आणि क्वचित झटकेही येतात. ती कमी करायची झाली तर हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पण तुमच्या पत्रातली मोठी गोष्ट गोळी नाही, घोरणं आहे. मध्येच थांबणारं घोरणं म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, स्लीप अ‍ॅप्निया, असू शकतो. ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक, त्यात अल्प्राझोलाम, आणि त्यात पाठीवर झोपण्याची सक्ती. तिन्ही मिळून श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. पाठीवर झोपल्यावर घोरणं आणि श्वास अडणं वाढतं हे तुम्हीही बघितलं असेल.

म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा आणि हे तिन्ही सांगा : गोळीचं नाव आणि ताकद, घोरणं, बीपी. शक्य असेल तर आईच्या घोरण्याचा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ करून न्या, वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. ते स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी विचारतील : घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी बघितलंय का, बीपी, वजन, वय, मानेचा घेर, स्त्री की पुरुष. गरज वाटली तर झोपेची तपासणी सांगतील आणि सीपॅप मशीनही देतील, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेच्या दाबानं श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं यंत्र. मशीन मिळालं तर ते हॉस्पिटलात सोबत न्यायचं, घरी ठेवून जायचं नाही. तपासणीसाठी ऑपरेशन दोन-तीन आठवडे पुढे गेलं तर जाऊ द्या. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं.

आईला लाज वाटते हे समजतं. आपल्याकडे झोपेची गोळी घेणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा असं अजूनही मानतात. तिला एवढंच सांगा की भूल देणाऱ्यांना हे माहीत असणं तिच्या जिवासाठी लागतं. तुम्ही सोबत जा आणि ती अडखळली तर तुम्ही सांगा.

हॉस्पिटलातल्या पहिल्या दोन-तीन रात्री या वयात काहीजणांना गोंधळल्यासारखं होतं. आपण कुठं आहोत कळत नाही, नळ्या ओढायला लागतात. घरचे घाबरून ‘झोपेचं इंजेक्शन द्या’ म्हणतात, त्यानं गोंधळ कधीकधी वाढतोच. आईचा चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर तेही हाताशी ठेवा, दिवसा पडदे उघडे ठेवा, तिच्याशी बोलत राहा, रात्री ओळखीचं माणूस जवळ असू द्या. आणि असं काही झालं तर नर्सना लगेच कळवा.

प्रश्न : आमच्याकडे पलंग नाही, सगळे खाली गादी टाकून झोपतो. पत्नीच्या ऑपरेशनसाठी पलंग घ्यावाच लागेल का? संडासही भारतीय पद्धतीचा आहे. (एक वाचक, निफाड)

उत्तर : हो, दोन-तीन महिन्यांसाठी तरी. जमिनीवरून उठताना पाय दुमडून, एका बाजूला वळून, त्याच खुब्यावर जोर द्यावा लागतो, आणि शिवलेल्या टेंडनला हीच हालचाल नको असते. विकत घेण्याची गरज नाही. सर्जिकलच्या दुकानांत लोखंडी कॉट आणि कमोडची खुर्ची महिन्याच्या भाड्यानं मिळते. कॉटवर गादी टाकून काठावर बसल्यावर पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत आणि खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत. झोळीसारखा खोलगट झालेला जुना दिवाण नको.

कॉटची कोणती बाजू भिंतीला लावायची हे ठरवून घ्या. साधारण ऑपरेशन झालेल्या पायाच्या बाजूनं उतरणं सोपं जातं, म्हणजे तो पाय शरीराच्या मधल्या रेषेपलीकडे आत न्यावा लागत नाही. घरी सोडण्यापूर्वी हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा प्रत्यक्ष करून घ्या. कमोडची खुर्ची रात्री कॉटजवळच ठेवा. शेतावरच्या घरात संडास बाहेर असेल तर रात्री अंधारात वॉकरवर उंबरा ओलांडायचा प्रसंग येताच कामा नये. एक मंद दिवा रात्रभर चालू, जमिनीवरची सतरंजी उचललेली, वॉकर हाताच्या अंतरावर. आणि पहिले काही आठवडे तुम्ही त्याच खोलीत झोपा. त्या हाक मारायला संकोचतील, म्हणून उशाशी घंटा द्या.

प्रश्न : वय ५४, बँकेत नोकरी. ऑपरेशनला चार महिने झाले. दुखणं जवळजवळ गेलंय, कुशीवरही झोपते. तरी रोज रात्री अडीच-तीनला टक्क जाग येते आणि पाचपर्यंत झोप नाही. घड्याळ बघत पडून राहते. टेंडन पुन्हा सुटलं असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जाग येते तेव्हा खुबा दुखत नसेल, दिवसा लंगड नसेल, ताकद वाढत असेल, तर टेंडन सुटल्याची शक्यता कमी आहे. तरी पुढच्या तपासणीत विचारून घ्या, म्हणजे ही धास्ती जाईल. धास्तीनंही झोप मोडते.

तुमच्या शरीराला दुखण्याच्या काळात रात्री जागायची सवय लागली आणि दुखणं गेल्यावरही ती राहिली, असं मला वाटतं. असं बऱ्याचजणींचं होतं. त्यावर झोपेची गोळी हा पहिला इलाज नाही. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची वर्तनोपचाराची पद्धत आहे आणि दीर्घकाळच्या निद्रानाशात आधी तीच वापरावी असं डॉक्टरांच्या संघटनांच्या मार्गदर्शनात सांगितलेलं असतं. पुण्यात ती शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळतील. तोवर घरी करता येतं ते असं. घड्याळ खोलीबाहेर, मोबाइलही. पंधरा-वीस मिनिटं झोप लागत नाही असं अंदाजानं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच, रविवारी सुद्धा. दुपारी डुलकी नको, फारच गरज पडली तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासाहून कमी. पहिले काही दिवस जास्त थकवा येईल, त्याला घाबरून सोडू नका. रात्री उठून बसायचं हे तुम्हाला उलटं वाटेल, पण अंथरुणात जागं पडून राहण्यानंच अंथरूण आणि जागरण यांची गाठ पक्की होते.

बँकेतला संध्याकाळचा पाचचा चहा सोडा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरात पाचेक तासांनीही शिल्लक असतो आणि काहीजणींत त्याहून जास्त वेळ.

तुमच्या वयात आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. जाग येताना अंग गरम होऊन घाम येतो का? मग हा पाळी जाण्याच्या काळातला त्रास असू शकतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आडवं झाल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटतात का? मग रक्तातलं लोह, फेरिटिन, तपासून घ्या.

आणि व्यायाम कोणत्या वेळी करता ते बघा. टेंडनवर जास्त भार पडला तर त्याची तक्रार बहुतेक वेळा त्याच क्षणी येत नाही, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी येते. म्हणून मी रुग्णांना व्यायामाचं प्रमाण रात्रीवरून ठरवायला सांगते. व्यायाम वाढवलेल्या दिवशी रात्री खुबा नेहमीपेक्षा जास्त दुखला तर पुढच्या वेळी एक पायरी मागे. रात्र शांत गेली तर तेवढंच चालू ठेवा आणि आठवड्यानं थोडं वाढवा. घरी पोचल्यावर रात्री नऊला व्यायाम करत असाल तर तो सकाळी किंवा ऑफिसहून आल्या-आल्या करा.

प्रश्न : वडिलांच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले. ब्रेस रात्री काढून ठेवला तर चालेल का? तो घातला की ते झोपतच नाहीत. कालपासून पोटरीही दुखते म्हणतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ब्रेस सर्जनना विचारल्याशिवाय काढू नका. झोपेत पाय आत जाऊ नये यासाठीच तो रात्री असतो. काचत असेल तर पट्टे बांधणाऱ्याकडून नीट बसवून घ्या. काही सर्जन रात्री ब्रेसऐवजी पायांमधली त्रिकोणी उशी चालवून घेतात, तेही त्यांनाच विचारा.

पोटरीचं मात्र आजच दाखवा. एकाच पोटरीत नवं दुखणं, सूज, गरमपणा, हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन दिलेलं असेल तर ते चुकलंय का हेही डॉक्टरांना सांगा. पोटरी चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. त्याबरोबर दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर रात्रीचे कितीही वाजले असोत, सरळ इमर्जन्सीला न्या.